एका पोच्याचं शवविच्छेदन

मामांच्या उभ्या आयुष्यात एकच निदान चुकलं, आणि ते मी चुकवलं. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण ते कळायला आधी मामा कळायला हवेत. कुठल्याही गोष्टीचं कारण सापडल्याशिवाय ती न सोडणारा असा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. लंडनच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होते. स्टॅनमोरच्या त्यांच्या घरी, वरच्या खोलीत, मी चार वर्षं राहिलो. दिवसभर मामा माणसं कशाने गेली ते शोधत, आणि संध्याकाळी घरात काय काय गेलं ते. कुंडीतल्या कोथिंबिरीने मान टाकली की तिची मुळं पांढऱ्या बशीत मांडून भिंगाखाली बघितली जात. मामींचा केक बसला तर तो आधी उभा चिरायचा. "अगं, ओव्हनचं दार मध्येच उघडलंस. हा बघ पुरावा." "अहो, खायचाय की पुरायचाय?" मामी विचारत.

एकदा मामा आठवडाभर कामासाठी एडिनबराला ट्रेनने गेले. त्यांची छोटी हिरवी गाडी घरापुढच्या ड्राइव्हवर उभी, मामी बाहेर गेलेल्या, किल्ली खुंटीवर, आणि माझ्याकडे फक्त शिकाऊ लायसन्स. जवळच्या पिनरपर्यंत ऐटीत गेलो आणि वळवण्यासाठी मागे घेतली ती थेट एका विटांच्या खांबावर. मागचा डावा कोपरा आत गेला. घरी येऊन मी ती बाजू झाडांच्या कुंपणाला चिकटवून गाडी उभी केली. मामा परतले, तीन दिवस त्याच गाडीने कामावर गेले, आणि रविवारी गाडी धुताना त्यांना पोचा दिसला.

दुसरा कोणी चार शिव्या हासडून गॅरेजमध्ये गेला असता. मामा खेळण्यांच्या दुकानात गेले आणि अगदी तशाच, तळहातात मावणाऱ्या, ओतीव धातूच्या दोन गाड्या घेऊन आले. "पोचा कसा पडला हे कळायचं तर तो पाडून बघायला हवा," म्हणाले. पहिलीला पक्कड लावली तर कोपरा कडकन तुटला. "वाकत नाही, हाडासारखा मोडतो!" मामा खूश. मग दुसरीचा कोपरा आतून कानशीने घासून घासून कागदाइतका पातळ करायचं ठरलं. ती धरायला मी. तीन संध्याकाळी ती गाडी माझ्या चिमटीत होती, आणि लाज वाटते पण खरं सांगतो, मलाही त्याची गोडी लागली. बोथट पेचकसाच्या टोकाखाली माझंच पाप सुबक, छोटं होऊन उमटत होतं. कुठे रंग ब्लेडने खरवडला, कुठे दिव्यावर सुईने तडा काढला. खऱ्या पोच्यावरचा गंज हुबेहूब दिसावा म्हणून तपकिरी रंगात काहीतरी भुरभुरीत हवं होतं, तेवढ्यात मामी ओरडल्या, "अहो, पुण्याहून आलेला गोडा मसाला आहे तो! गाडीला फासताय?"

"चिमूटभरच गं." आणि मग माझ्याकडे वळून, "काय रे, तीन दिवसांत इतका गंज धरेल?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "पाऊस किती झाला, मामा. आणि तुमच्या हॉस्पिटलच्या कार पार्कात विटांचे खांब आहेत ना?"

मामांनी साबणाच्या वडीचा खांब कापला आणि गाडी त्यावर मागे नेली. पोचा तंतोतंत बसला. एरवी असं काही जमलं की ते मामींना हाक मारून बोलावत. त्या दिवशी हाक मारली नाही.

"मीच आपटली," ते हळूच म्हणाले. "आणि मला धक्कासुद्धा कळला नाही."

"होतं हो असं," मामी दारातून म्हणाल्या.

"होत नाही. माझं काहीतरी कमी व्हायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. "तू टेस्ट पास हो आणि चालव. तुझा हात स्थिर आहे, बघितलाय मी." तेव्हापासून मामा दोन बस बदलून कामाला जाऊ लागले. आपला प्रत्येक रिपोर्ट ज्युनिअरला दाखवून "जरा बघता का?" म्हणू लागले. पुढे वेळेआधीच निवृत्त झाले. मला सगळं दिसत होतं, आणि मी मुकाट गाडी चालवत होतो.

याला पंधरा वर्षं झाली. मामा आता सत्तरीचे आहेत. रविवारी मी त्यांना फिरायला नेतो. ते शेजारी बसून खिडकीबाहेरचं प्रत्येक झाड तपासत असतात. पण पुढे कुणी रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं की त्यांचा उजवा पाय नुसत्या जमिनीवर दाबला जातो, दर वेळी माझ्या ब्रेकच्या आधी.

मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: मामा, गाडी मी आपटली होती, तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं.