अमोलच्या चौकशीचा फोन

माझा मुलगा कॅनडाला जायला अपात्र ठरता ठरता राहिला, आणि त्याला कारण एवढंच, की मी त्याची फार स्तुती केली.

बापानं मुलाची स्तुती केली यात काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पण अमोल सव्वीस वर्षांचा होईपर्यंत मी ती एकदाही केली नव्हती. (आमच्या घरात 'गाढवा' ही हाक मायेत मोडते.) इतक्या वर्षांची तुंबलेली स्तुती एकाच फोनवर बाहेर पडली, तीही एका परक्या बाईपाशी, आणि नेमकी नको तिथं जाऊन पोचली.

परंड्याच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीआड बसून भोंग्यावरून "कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी..." असं ओरडणारा तो माणूस मीच. निवृत्त झालो आणि ओरडायला कुणी उरलं नाही. (बायकोवर, म्हणजे सुमनवर, ओरडायची हिंमत नोकरीत असतानाही नव्हती.) म्हणून मी माझ्या मेहुण्याच्या, दत्ताच्या, वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला लागलो. उसाच्या ट्रॉल्या, लोखंडी गेट, पत्र्याची शेडं असली कामं तिथं चालतात. अमोल आयटीआय करून मामाच्या हाताखालीच कामाला लागला होता. मी खुर्ची टाकून बसायचो, आल्यागेल्याला चहा विचारायचो आणि दुकानाचा मोबाईल उचलायचो. मला कुणी नेमलं नव्हतं, पण हाकललंही नव्हतं.

खरं सांगायचं तर मी तिथं जायचो अमोलसाठी. तोंडापुढं काळी काच धरून तो ठिणग्यांत बसलेला असायचा. माझ्याकडं ढुंकूनही बघायचा नाही. पण दुपारी डबा उघडला की पहिली भाकरी माझ्यापुढं करायचा. तेवढ्यावर माझा दिवस गोड जायचा.

एके दुपारी त्यानं भाकरी पुढं केली आणि म्हणाला, "अण्णा, मी कॅनडाला अर्ज करतोय. कुशल कामगार म्हणून घेत्यात तिकडं. वेल्डरला लई मागणी हाय."

"कुर्डुवाडीला न्हाय का मागणी?" मी विचारलं. (माझा भूगोल गाड्या जातात तिथवरच आहे.)

"अण्णा, कायमचं ऱ्हायला मिळतंय तिथं."

त्याला वाटलं, यानं मला आनंद होईल. माझ्या घशात भाकरी अडकली, आणि ती खाली जायला दोन तांबे पाणी लागलं.

सोलापूरच्या एका सल्लागारानं सांगितलं, की कामाच्या अनुभवाचं मालकाचं पत्र लागेल. दत्ता म्हणाला, "दाजी, तुमीच लिव्हा. म्या सही ठोकतो." मी लगेच लिहायला बसलो. आता झालं होतं असं, की त्याच आठवड्यात मी अमोलच्या लग्नासाठी परिचयपत्र तयार केलं होतं. तोच साचा डोक्यात होता. त्यामुळं पत्र असं उतरलं: 'अमोल हा उंचापुरा, मनमिळाऊ व निर्व्यसनी असून घरची शेती आहे. एक बहीण, विवाहित. मामांचे परंडा येथे वर्कशॉप.' दत्तानं ते न वाचताच सही ठोकली.

सल्लागारांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "काका, तुम्हाला व्हिसा पाहिजे का सून?"

दोन्ही पाहिजे, असं मी म्हणणार होतो, पण अमोलनं टेबलाखाली माझा पाय दाबला. सल्लागारांनी मग मला समजावून सांगितलं. पत्रात मुलगा कसा आहे ते लिहायचं नाही, काय करतो ते लिहायचं. हुद्दा काय, कधीपासून आहे, आठवड्याला किती तास, पगार किती, आणि हातानं नेमकं कोणतं काम. त्यात मालक सख्खा मामा असला की तिकडच्या लोकांना शंका येते, म्हणून पगार खात्यावर जमा होतो त्याच्या नोंदी जोडायच्या. आम्ही तसं सगळं केलं. पत्र इतकं कोरडं झालं, की ते वाचून कुणी पोरगी तर सोडाच, शेळीही दिली नसती!

अर्ज गेला. आणि मी माझा वेगळा बेत सुरू केला.

बेत साधा होता. लग्न जमलं की पोरगं राहील. सुमनही म्हणाली, "दोन घरची माणसं धरून बसली तर कुठं जाईल वो?" मी पार येडशीपर्यंतच्या नात्यागोत्यात निरोप धाडले, वधू-वरांच्या ग्रुपवर परिचयपत्र टाकलं, आणि संपर्काला नंबर दिला दुकानाचा. (दिवसभर तिथं मीच बसतो ना!) हाच नंबर कॅनडाच्या पत्रावरही आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मुलीकडचे लोक मुलाची माहिती कधी सरळ विचारत नाहीत. आधी भलत्याच कुणाला तरी फोन करायला लावतात. तो कधी खताच्या दुकानातून बोलतो, कधी विमा कंपनीतून, आणि सहज विचारल्यासारखं सगळं काढून घेतो. आमच्या लेकीच्या वेळी मी स्वतः जावयाच्या गावात पंप विकायला आलोय असं सांगून तीन घरांत चहा प्यालो होतो. त्यामुळं त्या दुपारी फोन वाजला, आणि एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "पुण्याहून बोलतेय, अमोल यांच्याबद्दल थोडी माहिती हवी होती," तेव्हा मी टोपी सारखी केली. बाईंनी कुठल्याशा कार्यालयाचं नाव स्वच्छ सांगितलं. मी मनात म्हटलं, पार्टी हुशार हाय!

"वर्कशॉपचे मालक बोलताय का?"

"व्हय, मालकच समजा." (दत्ता त्या आठवड्यात एका शेडच्या कामावर होता.)

"अमोल तुमच्याकडे नोकरीला आहेत ना?"

इथं मी सावध झालो. नोकर म्हटलं की मुलगी हातची गेली! "नोकरी? छे वो ताई! उद्या हे सगळं त्याचंच हाय."

"बरं. रोज किती तास काम करतात?"

"मनात आलं की येतो, मनात आलं की जातो. कुणाची ताबेदारी न्हाय."

"वेल्डिंग ते स्वतः करतात?"

"हातात मशीन धरू देत न्हाय आमी! चार माणसं हायती त्याच्या हाताखाली." (दुकानात त्या क्षणी एकच माणूस होता, आणि तो अमोल होता. माझ्यामागं दहा पावलांवर ट्रॉलीखाली उताणा पडून तो जोड मारत होता.)

"आणि पगार?"

"घरच्या माणसाला पगार आसतोय व्हय? लागंल तेवढं घेतो."

पलीकडून टायपिंगची टकटक ऐकू आली. लिहून घेत असाव्यात. मला वाटलं, हिशेब बसला! मग त्यांनी विचारलं, "अजून काही सांगायचं आहे का?"

आणि मी सांगितलं. आवाज खाली करून, अगदी मनापासून सांगितलं. "ताई, एक ध्यानात ठेवा. पोरगं सोन्यासारखं हाय. परदेशाचं खूळ होतं डोक्यात, पर ते निघतंय. आईबापाला सोडून ते कुठंबी जाणार न्हाय. तुमी निर्धास्त ऱ्हावा."

"ठीक आहे. तुमचं म्हणणं मी नोंदवलं आहे."

"मंग पोह्याला कवा येताय?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. बाई लाजल्या, असं मी समजलो. घरी जाऊन सुमनला सांगितलं, तिनं शिरा केला. अमोलनंही तो दोनदा मागून खाल्ला, कशासाठी केलाय हे न विचारता.

पुढं काही आठवड्यांनी अमोलच्या मोबाईलवर मेल आला. दुकानात उभा राहून तो वाचू लागला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मालकानं फोनवर दिलेली माहिती पत्राशी जुळत नाही. नोकरी पूर्णवेळ नाही, पगारी नाही, वेल्डिंगची नाही असं दिसतं. खुलासा करा, नाहीतर अर्ज नामंजूर.

"मामा, फोनवर काय बोललासा तुमी?"

"म्या? मला कुणाचा फोन आलाय? म्या तर शेडावर होतो!" दत्ता म्हणाला. आणि मग दोघांनीही माना हळूहळू माझ्या खुर्चीकडं वळवल्या.

"मला वाटलं, पोरीकडचं, येडशीचं पाहुणं हायती," मी म्हणालो.

दत्ता हसायला लागला. हसत हसत तो लोखंडाच्या ढिगावर बसला आणि त्याला काही तरी टोचलं, तरी हसतच राहिला. अमोल हसला नाही. ओरडलाही नाही. माझ्यासमोर येऊन बसला आणि दोन्ही हात त्यानं माझ्यापुढं धरले. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक काळे डाग.

"अण्णा, ती चार माणसं कोणती वो?"

 इतकी वर्षं मी त्याच्या समोर बसत होतो, पण ते डाग मी इतक्या जवळून पाहिले नव्हते.

मग खुलाशाची धावपळ सुरू झाली. सल्लागारांनी सांगितलं तसे पगाराच्या नोंदींचे कागद काढले. अमोलचे कामावरचे फोटो शोधले. (प्रत्येक फोटोत कोपऱ्यात खुर्चीवर मी!) ज्यांच्या ट्रॉल्या त्यानं जोडल्या त्यांच्याकडून लिहून आणलं. एका शेतकऱ्यानं तर ट्रॉलीच आणून दारात उभी केली, की हीच पुरावा म्हणून पाठवा! आणि सगळ्यांत वर लागलं माझं प्रतिज्ञापत्र. फोनवर मालक नव्हता, मुलाचा बाप होता, आणि तो लग्नाच्या नादात काहीबाही बोलला, असं मला शपथेवर लिहून द्यायचं होतं.

वकिलांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. कोर्टाच्या आवारात निम्मा परंडा तालुका बसलेला होता. 'मुलगा मालक आहे, हे विधान खरे नाही. मुलास पगार नाही, हे विधान खरे नाही.' प्रत्येक वाक्याला बाकावरचे लोक माना डोलवत होते. शेवटी ते वाक्य आलं. 'मुलगा आईवडिलांना सोडून कुठेही जाणार नाही, हे विधान खरे नाही.'

"वकीलसाहेब, एवढं एक ऱ्हाऊ द्या की," मी म्हणालो.

"अण्णा, तेच तर मुख्य हाय," ते म्हणाले.

बाहेर अमोल मोटारसायकलवर बसून वाट बघत होता. दर थोड्या वेळानं मान उंच करून आत बघत होता, शाळेच्या निकालाच्या दिवशी बघायचा तसा. मी सही केली. माझी सही एरवी पानभर पसरते, त्या दिवशी कोपऱ्यात मावली.

खुलासा मान्य झाला. आयुष्यात मी निस्तरलेली ही पहिलीच भानगड, आणि ती नेमकी सुटली!

तो निघाला त्या दिवशी कुर्डुवाडीच्या गाडीनंच निघाला. तिथून रेल्वे, मग विमान. सुमननं खव्याचे पेढे इतके दिले होते, की पिशवी उचलताना दत्ताची कंबर धरली. बसस्थानकावरचा नवा नियंत्रक माझ्याच हाताखाली शिकलेला. तो मानानं म्हणाला, "अण्णा, आज तुमी पुकारा." मी भोंग्यासमोर बसलो, घसा साफ केला, आणि बार्शीच्या गाडीला कुर्डुवाडी म्हणालो.

मग काय विचारता! कुर्डुवाडीचे लोक बार्शीच्या गाडीत घुसले, बार्शीचे खाली उतरून भांडू लागले, एक आजी कोंबडीसकट भलत्याच गाडीत जाऊन बसली आणि उतरायला तयार होईना. दोन्ही गाड्या सुटायला उशीर झाला. तेवढा वेळ अमोल माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. त्याच्या हाताला अजून लोखंडाचा वास येत होता. चुकून झालं, असं मी सगळ्यांना सांगतो.

मी अजून दुकानात जातो. दत्ताही भाकरी देतो, नाही असं नाही, पण आधी स्वतः एक खातो. रविवारी अमोलचा फोन येतो. तो म्हणतो, "अण्णा, लई थंडी हाय," आणि मी म्हणतो, "गाढवा, कानाला बांध." मग दोघंही गप्प बसतो, आणि त्यानंही मला बरं वाटतं.

परवा दुकानाचा फोन वाजला. "अमोलची जरा माहिती पाहिजे होती," एक पुरुषी आवाज.

"आधी सांगा, हापिसातनं बोलताय का पाहुणं?" मी दरडावून विचारलं.

माणूस गडबडला. म्हणाला, येडशीहून, मुलीचा बाप. ग्रुपवरचं परिचयपत्र काढायचं राहून गेलं होतं! पण एकदा पोळलेला मी, या वेळी एक शब्द इकडंतिकडं होऊ दिला नाही. म्हटलं, "वेल्डर हाय. आठवड्याला चाळीस तास, पूर्णवेळ, पगारी. कापणं, घासणं, जोडणं, सगळं सोताच्या हातानं. मालक न्हाय. हाताखाली कुणीबी न्हाय. आन ऱ्हातो कॅनडाला. पुरावे हायती, पाठवू का?"

 मग त्या भल्या माणसानं चाचरत विचारलं, "ते सगळं ठीक हाय वो. पर मुलगा आईबापाला धरून हाय ना?"

"हाय वो पाहुणं, लई हाय," मी म्हणालो, "पर त्याचा पुरावा तेवढा मागू नका. कोर्टात उलटं लिहून दिलंय म्या, सहीनिशी!"