बर्फ आणायला गेलेले बाबा

मिल बंद होऊन चार महिने झाले होते. बाबा तिथे हजेरी खात्यात कारकून होते. फाटकावर नोटीस लागल्यापासून ते घरीच असायचे. सकाळी आठला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर खुर्चीत बसायचे. हातात पेपर उघडलेला असे, पण पान उलटत नसे. दुपारी लायब्ररीत जाऊन येतो म्हणत आणि सायकल काढत.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. फाल्गुनात मागच्या गल्लीतले एक विणकर काका मिलच्या मागच्या विहिरीत सापडले होते. पाय घसरला, असं सगळे सांगत. पण ते सांगताना मोठी माणसं एकमेकांकडे बघायची नाहीत, हे मला दिसलं होतं. तेव्हापासून बाबा न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिले की मी दाराशी जाऊन विचारायची, "बाबा, साबण आहे ना आत?"

"आहे."

तेवढं ऐकलं की मी परत फिरायची.

चैत्र आला तसं बाबा म्हणाले, "यंदा हळदीकुंकू राहू दे."

आई म्हणाली, "डाळ आणि पन्हं तर करायचंय. कैऱ्या भाभीजींच्या झाडाच्या आहेत. बायका येतील, दोन घटका बसतील. सगळ्यांच्या घरी हेच तर चालू आहे."

भाभीजी म्हणजे आमच्या शेजारीण, आम्ही राहायचो त्या माळव्यातल्याच. त्यांचे यजमानही त्याच मिलमध्ये मिस्त्री होते. त्या मराठी बोलत नसत, पण समजायचं त्यांना सगळं.

शुक्रवारी सकाळी मी पाट्यावर भिजलेली हरभऱ्याची डाळ वाटली. आई सारखी सांगत होती, "जाडसर ठेव, पीठ नको करू." तिने कैरी किसून त्यात घातली, वरून हिंग-मोहरीची फोडणी ओतली आणि कोथिंबीर भुरभुरली. पन्हं तिने दोन तऱ्हेचं केलं. एक आपलं गुळाचं, वेलदोडा घातलेलं. दुसरं भाभीजींच्या पद्धतीचं, भाजलेलं जिरं, पुदिना आणि काळं मीठ घालून. दोन्ही मटक्यांना ओली फडकी गुंडाळली.

एकच्या सुमारास बाबा आपण होऊन उठले. "बर्फ घेऊन येतो," म्हणाले. आईचा चेहरा इतका खुलला, की मलाही बरं वाटलं. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून काही करतो म्हटलं नव्हतं. त्यांनी कॅरिअरला पोतं बांधलं आणि गेले.

बर्फाचं दुकान चौकातच होतं. जाऊन येऊन अर्धा तास. दोन वाजले. अडीच झाले. मी आतबाहेर करू लागले. तीन वाजता माझ्या मनात आलं, की आता बर्फ घेतला असला तरी वितळून गेला असणार. मग ते कशासाठी थांबलेत? त्यापुढे मी विचार करू दिला नाही स्वतःला. गौरीपुढच्या कलिंगडाच्या फोडी उगाच सारख्या करत बसले.

चारला बायका आल्या. आई हसून या-बसा करत होती. पण एका काकूंना तिने दोनदा हळद लावली आणि कुंकू लावायचं विसरली. काकूंनी स्वतःच कुंकू लावून घेतलं. कुणीतरी विचारलं, "भाईसाहेब दिसत नाहीत?"

"बर्फ आणायला गेलेत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कसासा ऐकू आला. खोलीत सगळ्या एकदम डाळीची स्तुती करू लागल्या.

आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि माझं मनगट धरलं.

"विहिरीकडे जाऊन बघून ये," ती अगदी हळू म्हणाली. मग लगेच म्हणाली, "नाही. तू एकटी नको." आणि तिने भाभीजींना आत हाक मारली.

तोवर मला वाटत होतं, हे वेडेवाकडे विचार फक्त माझ्याच डोक्यात येतात. आईच्याही डोक्यात तेच आहे हे तेव्हा कळलं.

भाभीजींनी डोक्यावरून पदर ओढला आणि माझा हात धरला. भाजणाऱ्या वाऱ्याची लू चालू होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर इतकं मऊ झालं होतं, की माझी चप्पल दोनदा चिकटली. मिलच्या भिंतीला वळसा घालून आम्ही मागच्या गल्लीत शिरलो आणि मला सायकल दिसली.

भिंतीला टेकवलेली होती. कॅरिअरवर पोतं नव्हतं. आणि तिला कुलूप नव्हतं. बाबा कुठेही, अगदी पानाच्या ठेल्यापाशी थांबले तरी कुलूप लावायचे.

"तू यहीं रुक, बेटा," भाभीजी म्हणाल्या आणि विहिरीकडे चालू लागल्या.

मी सायकलची सीट धरून उभी राहिले. ती भाजत होती, पण मी हात काढला नाही. भाभीजींनी कठड्याला दोन्ही हात लावलेले मला दिसले. त्या वाकल्या. त्या वाकूनच राहिल्या.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. "आँखें खोलो, भिया! इधर देखो!"

बाबांचा आवाज होता.

मागच्या फाटकाचा छोटा दरवाजा उघडा होता. आत चौकीदाराच्या खोलीच्या सावलीत बाबा नुसत्या बनियनवर बसले होते. त्यांच्या पुढ्यात म्हातारा चौकीदार आडवा पडलेला. शर्टात बर्फ गुंडाळून बाबा त्याच्या मानेवर, काखेत फिरवत होते. बाजूला ओलं पोतं पडलं होतं.

"लू लागलीय," बाबा मला म्हणाले, जणू मी तिथे असणारच होते. "आता शुद्धीवर येतोय. पळ, घरून मिठाचं पन्हं आण. आणि कुणाला तरी टेम्पो आणायला सांग."

मला त्यांना सोडून जायचं नव्हतं. माझ्याकडे बघून ते परत म्हणाले, "पळ ना, बेटा. मी इथेच आहे."

भाभीजी आत आल्या, बाबांना पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

मी धावत घरी गेले आणि दारातूनच ओरडले, "बाबा आहेत!" बायकांमध्ये आई उभी होती. ती भिंतीला टेकली, क्षणभर डोळे मिटले आणि मी चौकीदाराचं, पन्ह्याचं, टेम्पोचं सांगितल्यावर किटली शोधू लागली. एका काकूंनी मुलाला टेम्पोसाठी पिटाळलं. आई माझ्याबरोबर स्वतः आली, बोटांना हळदकुंकू तसंच.

चौकीदाराने घोट घोट पन्हं घेतलं. तिसऱ्या घोटानंतर तो "मीठा कम है," गोड कमी आहे म्हणाला, आणि मला रडू फुटलं. टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं. तो वाचला.

परत येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. मी विचारलं, "तुम्ही इथे का आलात? बर्फ तर मिळाला होता."

त्यांनी सायकल एका खड्ड्यावरून वळवून घेतली. "रोज येतो," मग म्हणाले. "लायब्ररीत जातो सांगतो ना, तेव्हा."

"विहिरीशी?"

"हो. बसतो नुसता. आजही बराच वेळ बसलो. उठलो तेव्हा तो पडलेला दिसला."

"आणि दिसला नसता तर?"

आई माझ्या पलीकडून चालत होती. तिने मला गप्प केलं नाही.

"मला माहीत नाही, बेटा," बाबा म्हणाले. त्यांनाही स्वतःची भीती वाटते, हे मला तेव्हा समजलं. आई पुढे झाली आणि सायकलचं दुसरं हँडल तिने धरलं. आम्ही तसेच घरापर्यंत गेलो.

बायका गेल्या नव्हत्या. त्यांनीच एकमेकींना हळदकुंकू लावलं होतं, ओट्या भरल्या होत्या. बाबांना ओल्या बनियनवर पाहून त्यांनी जागा करून दिली. मघाच्या काकूंनी त्यांच्या हातात डाळीची वाटी दिली. बाबा खाली मान घालून खात राहिले. वाटी संपल्यावर त्यांनी आणखी मागितली.

मिल उघडली नाही. दीड वर्षाने बाबांना शहरातल्या पलासिया भागात एका डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायचं काम मिळालं, आणि ते त्यांनी पुष्कळ वर्षं केलं. पण तो उन्हाळा आम्ही दोघींनी पाळीपाळीने त्यांच्या मागे राहून काढला. त्यांना ते कळत होतं. ते कधी चिडले नाहीत. उलट बाहेर पडताना दारातून मोठ्याने सांगायला लागले, "भाजी घेऊन येतो. वीस मिनिटं." मी घड्याळाखाली बसून राहायची. ते पंधरा मिनिटांत परत यायचे.