जुन्या स्वेटरच्या टोप्या

माझ्या मोठ्या जावेबद्दल मी आजवर कुणाजवळ फारसं बोलले नाही. त्यांच्याबद्दल बोलायचं तर आधी माझ्या दुखण्याबद्दल बोलावं लागतं, आणि त्याची मला लाज वाटते.

मला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. थंडी पडली की हाडं आतून पिळल्यासारखी दुखतात. अशा दिवसांत गडचिरोलीच्या आमच्या घरात मी खाटेवर असते, मांडीवर दोन मांजरी, हातात लोकर आणि सुया. धाकटी लोकरीची वैरीण. थोरली, करडी, कळ आली की न बोलावता येते आणि नेमकी दुखऱ्या गुडघ्यावर बसते. मी कण्हले तरी हलत नाही. बाकी स्वयंपाक, पाणी, माझ्या गोळ्या, सगळं जाऊबाई बघतात. मी दवाखान्यातल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणायच्या. त्यांनी त्या गरम पाण्यात धुऊन, मांजरांचे केस काढून, बाळंतिणींना नेऊन द्यायच्या.

खरं सांगते, त्या टोप्या मी बाळांपेक्षा माझ्यासाठीच विणत होते. दुसऱ्याच्या हातचं खाणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो एवढं तरी वाटायला हवं.

करडी व्यायला आली तेव्हा मी तिच्यासाठी नव्या लोकरीची गादी विणली. ती तिनं हुंगली आणि जाऊबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यात जाऊन व्याली.

"तिलेई नवं चालत नाई वं," जाऊबाई हसल्या. मीही हसले.

या हिवाळ्यात रक्त तपासायला दवाखान्यात गेले, तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात डोकावले. एकाही बाळाच्या डोक्यावर माझी टोपी नव्हती. बाळं जुन्या पातळाच्या मऊ तुकड्यांत गुंडाळलेली, डोक्यावरचं फडकं घसरलेलं. एका आजीनं उशीखालून माझी पिवळी टोपी काढून दाखवली.

"लय सुंदर हाये बाई. पन बारसं झाल्याबिगर लेकराले नवं कसं घालाचं?"

ही रीत मला माहीत होती. पण मला मूल झालं नाही, ती कधी माझ्या हातून पाळली गेली नाही, आणि मी ती विसरून गेले.

घरी येऊन मी सुया गुंडाळून ठेवल्या.

"तुम्हाले माहीत होतं, बाई?"

"होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू आजच्यासारखी तोंड फिरवून निजली असती. बारसं झाल्यावर घालतेतच ना."

"पन थंडी तं पहिल्याच दिवसापासून लागते!"

मी उठून माझा जुना निळा स्वेटर काढला. उसवून विणला तर लोकर जुनीच की. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"तुहा नको."

"काऊन?"

त्या स्वेटरची घडी घालत राहिल्या. मग मलाच उमगलं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड धडधाकट माणसाचं लागतं. माझ्यासारखीचं कुणी घेणार नाही. आणि हे त्यांना तोंडानं म्हणवत नव्हतं.

त्यांनी आपल्या अंगातला मरून स्वेटर डोक्यातून काढून माझ्या मांडीवर टाकला. त्यांच्याजवळ तेवढाच होता.

"हा घे. मले उभ्या जन्मात साधा ताप नाई."

"अन् तुम्ही काय घालान?"

"हा काय, तुहा." त्या माझ्या निळ्या स्वेटरात हात घालत होत्या. "तुहं दुखनं का मले लागून राह्यलं? येवढी वर्सं तुह्यासंग जेवतो, निजतो, लागलं का? सुया घे. त्या धाकटीले दूर कर आधी."

लोकर उसवली, धुतली, वाळवली. धाकटीनं एक गुंडा चुलीमागं नेला, तो सोडवला. टोपी झाली तेव्हा मीही त्यांच्याबरोबर वॉर्डापर्यंत गेले, पण दाराशीच थांबले.

"कोनाच्या अंगातली?" आजीनं विचारलं.

"माह्या."

आजीनं माझ्या निळ्या, दंडाला घट्ट झालेल्या स्वेटरातल्या जाऊबाईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग टोपी बाळाच्या कानांवर नीट ओढली. बाजूच्या खाटेवरून हात पुढं आला.

"आमच्या लेकरालेई एक द्या ना बाई."

"मले कुठी येते?" जाऊबाई दाराकडं वळल्या. "तिले सांगा. विनते ती."

सगळ्या खाटा माझ्याकडं पाहू लागल्या. मी आत गेले.