डोंगरावर भरलेली ओटी

मी सांगलीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे थर, एकावर एक थिजत गेलेले, हे वाक्य मी फळ्यासमोर इतक्या वेळा म्हटलंय की झोपेत उठवलं तरी म्हणेन. ते थर प्रत्यक्ष पायाखाली आले ते एकसष्टाव्या वर्षी. तेव्हा कळलं, पुस्तकात सगळं आडवं काढलेलं असतं, इथं उभं असतं.

माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला. गावामागच्या डोंगरावर देवी आहे, पण वाट अवघड म्हणून लहानपणी मला कुणी वर जाऊ दिलं नव्हतं. वहिनीनं निरोप धाडला होता, "एकदा वर जाऊन येऊ, दोघीच." दादा जाऊन वर्ष झालं होतं. तिचा मुलगा मुंबईला, ती गावात एकटी. माझे हे जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, मी सांगलीच्या दोन खोल्यांत एकटी. संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी मोठ्यानं उत्तरं द्यायला लागले, तेव्हा माझी मलाच भीती वाटली. घर खायला उठतं म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा समजलं.

त्या दिवशी मला वहिनीला एकच विचारायचं होतं: मी तुझ्याकडे राहायला येऊ का? वर्षभर ते ओठांवर येऊन परत जात होतं. लग्न करून दिलेली लेक माहेरी चार दिवसांची पाहुणी, तिनं आपणहून "राहते" म्हणायचं नसतं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. चाळीस-चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, पण एवढं वाक्य काही जमेना. मनाशी ठरवलं, देवीसमोर विचारू. तिथं ती नाही म्हणायची नाही.

सकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरले तर वहिनी कापडी पिशवी घेऊन उभीच.

"आधी घरी जाऊन चहा घेऊ की गं," मी म्हटलं.

"ऊन व्हायच्या आत चढू वन्सं. मग हायच की."

ती आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा मी बारा वर्षांची होते, ती अठराची. माझ्या वेण्या घालायची, आणि वेण्या घालतानासुद्धा मला "तुमी" म्हणायची. मी तिला पहिल्यापासून "तू".

पहिला तास बरा गेला. मग वाळलेलं पिवळं गवत लागलं, त्यावरून पाय असा सटकतो की देव आठवावा. त्याच्या वर घसारा, म्हणजे सुटी खडी, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. मी भारीतले बूट घालून आले होते. वहिनी रबरी चपला घालून पुढं, सदुसष्टाव्या वर्षी.

"आवं, हळू या. डोंगर काय पळून जात न्हाई."

"मी हळूच येतेय. याहून हळू म्हणजे बसणंच."

ती तोंडाला पदर लावून हसली. मला बरं वाटलं. वाटलं, आताच विचारावं. पण दम इतका लागला होता की प्रश्नाचं पहिलं अक्षरसुद्धा फुटलं नसतं.

शेवटचा टप्पा काळ्या कातळाचा. पायऱ्या खोदलेल्या, पण झिजून झिजून फक्त खोबणी उरलेल्या. उजवीकडं दरी. मी दोन्ही हातांनी कातळ धरला. कातळ उन्हानं तापला होता, त्यात बारीक भोकं होती आणि भोकांत पांढरे स्फटिक. लाव्हारसातले वायूचे बुडबुडे, माझ्या डोक्यातली मास्तरीण म्हणाली. तिला म्हटलं, गप बस बाई, इथं जीव जातोय. वहिनीनं वरून हात खाली केला. तिचा तळवा खरखरीत आणि कोरडा होता. कितीतरी दिवसांत कुणी माझा हात धरला नव्हता, हे मला त्या कातळावर लक्षात आलं आणि रडू फुटलं. तिला वाटलं घाबरले. तेही खोटं नव्हतं.

वर वारा, पाण्याचं खोदीव टाकं आणि शेंदूर फासलेली देवी. बाकी कुणी नाही. सगळीकडं नुसते डोंगर, उन्हात करपलेले, आणि त्यांत माणसाचा आवाज म्हणून नाही. भाकरी-पिठलं खाल्लं. मी तोंड पुसलं, देवीला हात जोडले, मनात वाक्य जुळवलं आणि म्हटलं, "वहिनी, ऐक ना…"

"थांबा जरा. आधी हितं बसा. पदर पसरा."

तिनं पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदळाची पुरचुंडी सोडली. मी बघतच राहिले. नवरा गेलेल्या बाईची आमच्याकडं ओटी भरत नाहीत, आणि नवरा गेलेल्या बाईनं भरायची तर गोष्टच नको.

"गावात केलं असतं तर बायांनी खाल्लं असतं मला," ती म्हणाली. "देवी काय म्हणत न्हाई. म्हणून तर वर आणलं तुमास्नी. उद्या पोरगा टेम्पो घेऊन येतोय. घर बंद करून मी चालले मुंबैला. माहेरवाशिणीला रिकाम्या पदरानं कसं वाटंला लावू?"

तिनं तीन ओंजळी तांदूळ माझ्या पदरात घातले. वाऱ्यानं काही दाणे उडाले, ते तिनं वेचून परत घातले.

आमच्या घरची रीत कडक. ओटी भरली की लेकीनं उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. एकदा मी छत्री विसरले, तर आईनं ती शेजारणीकडून फाट्यावर पोचवली, मला मागं फिरू दिलं नाही. म्हणजे आता घरी मुक्काम नाही, चहासुद्धा नाही. मला निरोप दिला होता, तोही मी तोंड उघडायच्या आत. मला राग आला. भयंकर वाईट वाटलं की मला आधी रागच येतो.

"काय म्हणत हुता मगाशी?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. गुडघा दुखतोय म्हणत होते."

उतरणं चढण्यापेक्षा वाईट. कातळावरून मी बसून बसून उतरले, एका हातानं ओटी पोटाशी धरून. ती दोन पायऱ्या खाली राहून माझा प्रत्येक पाय खोबणीत नेऊन ठेवत होती. "हितं. आता दुसरा हितं." एवढंच बोलणं. घसाऱ्यावर दोघी एकदम घसरलो आणि एकमेकींना धरून बसून राहिलो. खाली आमच्या घराचं छप्पर दिसत होतं. मी त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

फाट्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. साताऱ्याची गाडी यायची होती. वहिनी दगडावर बसून पायातला काटा काढत होती, मान खाली घालूनच म्हणाली,

"वन्सं, आसंच इचारते. मी गावातच ऱ्हायले असते, तर तुमी आला असता का सोबतीला?"

आता तरी म्हणायचं होतं. पण पदरात ओटी होती, उद्या टेम्पो येणार होता, आणि माझा राग अजून उतरला नव्हता.

"मला कुठं जमतंय गं," मी म्हणाले. "सांगलीत माझं सगळं आहे."

"व्हय. मीबी त्येच म्हणलं." तिनं काटा झाडून टाकला. "पोरगं लय दिवस मागं लागलं हुतं. म्हणलं, थांब जरा, वन्सं कवा तरी म्हणतील. मी कसं म्हणणार? लोक म्हणले असते, नणंदेला राबायला आणली. मग म्हणलं, जाऊ दे, त्यांचं तिकडं बरं चाललंय."

गाडी आली. तिनं मला वर चढवलं, पिशवी हातात दिली, दार लागेपर्यंत उभी राहिली. कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून विचारलं. त्याला दोनदा विचारावं लागलं.