दोन लोटे म्हशीचे, एक गायीचा

आठवीच्या सुट्टीत मी चौसाळ्याजवळच्या खेड्यात आत्याकडे होते. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आत्याची म्हैस गावाबाहेरच्या चारा छावणीत बांधलेली होती. मी इंग्रजी शाळेतली, त्यात लाजाळू. कुणी काही विचारलं की मी आत्याच्या पाठीमागे सरकायची.

त्या संध्याकाळी दूध संस्थेत आत्याच्या दुधाला फॅट सहा लागली. नेहमी सात लागायची, पण हा सलग तिसरा दिवस सहाचा. सचिव कार्डावर शेरा मारत म्हणाले, दुधात पाणी आहे, उद्याही असंच आलं तर कार्ड बंद. रांगेतल्या बायका आपापल्या किटलीत डोकावू लागल्या.

आत्या शांतपणे म्हणाली, "पाणी असतं तर म्हशीला पाजलं नसतं का, भाऊ? दुधात कशापायी घालू?"

मी भिंतीला टेकून बघत होते. पाणी असतं तर दुधात सोडलेली काचेची नळी जास्त बुडाली असती. ती नेहमीच्या खुणेवरच तरंगत होती. मग फॅट गेली कुठे? समोरच्या फलकावर म्हशीच्या दुधाखाली सात लिहिलं होतं, गायीच्या दुधाखाली चार. मी एका जुन्या पावतीच्या पाठीवर गायीच्या दुधाचा वाटा x धरला.

7(1 − x) + 4x = 6
7 − 3x = 6
x = 1/3

उत्तर इतकं सुबक आलं की मला राहवलं नाही. एक शब्दही न बोलता मी पावती सचिवांच्या पुढ्यात सरकवली. ती त्यांच्या हातात गेल्यावर मला आठवलं, आत्याकडे गायच नाही.

सचिवांनी चष्मा वर करून पावती दोनदा वाचली आणि विचारलं, "अक्का, गाय कुणाची?"

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला छावणीत जाऊन म्हशीशेजारी बसावंसं वाटलं. तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून आवाज आला, "माझी हाय."

ती आत्याची शेजारीण. छावणीत तिची गाय आमच्या म्हशीला लागूनच होती. ती संस्थेची सभासद नव्हती, म्हणून दोघींनी सावड केली होती. शेतात बैलांची करतात तशीच: शेजारीण दोन्ही जनावरांना पाणी आणायची, आत्या तिचं दूध आपल्या किटलीतून आणायची.

"किती घालता?" सचिवांनी विचारलं.

"दोन लोटे माझे, एक तिचा. लोटा एकच हाय. लबाडी न्हाई," आत्या म्हणाली.

सचिवांनी माझी पावती पुन्हा पाहिली, मग आत्याच्या कार्डावरचा पाण्याचा शेरा खोडला. उद्यापासून किटल्या वेगळ्या आणा, शेजारणीला सभासद करून घ्यायचं मी बघतो, असं म्हणाले.

वाटेत आत्या म्हणाली, "येवढं तोंडानं सांगायला काय झालतं गं तुला?"

मी म्हणाले, तोंडानं सांगितलं असतं तर तू मला पहिल्या शब्दालाच चिमटा काढला असतास. ते तिला पटलं असावं, कारण ती हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही किटल्या माझ्या हातात दिल्या, मला रांगेत पुढे केलं आणि स्वतः शेजारणीबरोबर मुद्दाम लांब थांबली. सचिवांनी पहिली किटली घेतली आणि कुणाची म्हणून विचारलं. मागे सरकायला आत्याची पाठ नव्हती. दोन्ही वेळा मला मोठ्यानं बोलावं लागलं.

म्हशीला सात लागली.