मास्तर आणि जळती मेणबत्ती

हॉलमध्ये शिरायच्या आधी तो दारातच कमरेत वाकायचा. आत कुणी नसलं तरी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, याचं काहीतरी खाली पडलंय.

माणूस कोरियाचा. स्टुटगार्टात आमच्या घरामागच्या चढावर एका शाळेच्या हॉलात तलवार शिकवायचा. माझी सून त्याच्याकडं जायची. सून तलवार शिकते हे गावाकडं सांगायची सोय नाही. मलाही ती ओढून न्यायची, मी दिव्यापुढून जरा उठावं म्हणून.

बायको गेली तेव्हापासून तिच्या फोटोपुढं दिवा तेवता ठेवलाय. आधी गावी, मग पोरानं इथं आणलं तर इथं. एकदा छताचं धुराचं यंत्र ओरडलं नि खालची म्हातारी अनवाणी वर आली. पोरगा म्हणाला, "बाबा, विजेचा दिवा लावू."

"विजेचा तुझ्या बापाला लाव, मी गेल्यावर."

मी हॉलात असेन तेवढा वेळ पोरगा दिव्यापाशी बसायचा. त्या अटीवरच मी उठायचो.

मास्तरचा शब्द ठरलेला, "लांगझाम." म्हणजे सावकाश. तलवार उपसताना लांगझाम, म्यानात घालताना त्याहून लांगझाम. घालताना बघायचं नाही. घाई केली की बोट गेलं. मला तो ओपा म्हणायचा, म्हणजे जर्मनमध्ये आजोबा. स्वतः माझ्याहून थोडासाच लहान असेल, लबाड.

एकदा त्यानं मेणबत्ती लावली, समोर उभा राहिला नि तलवार फिरवली. पातं वातीच्या अलीकडंच थांबलं. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही दिसलं असतं. तरी ज्योत गेली. माझं डोकं फिरलं. उठलो नि मराठीतच ओरडलो, "जळता दिवा मारतोस? लाज नाही वाटत?"

सून शरमेनं लाल झाली. मग तिनं त्याला जर्मनमधून सगळं सांगितलं, सासूबाईंचं, दिव्याचं. त्याचं बोलणं मला सांगितलं.

"बाबा, ते म्हणतात, इथं तलवार थांबवायला शिकवतात."

"थांबली ना? मग दिवा का गेला?"

तिनं विचारलं.

"म्हणतात, मला माहीत नाही."

मास्तर म्हणवतो आणि माहीत नाही म्हणतो.

पुढच्या खेपेला त्यानं मेणबत्ती माझ्यापुढं आणून लावली. तलवार म्यानातच ठेवून खाली बसला. बाकीचेही बसले. बुटकी मेणबत्ती, जळत जळत थरथरली नि गेली. कुणी हात लावला नव्हता. तो त्या धुरापुढं वाकला. मला म्हणाला, "लांगझाम, ओपा."

हे सांत्वन होतं की शिकवण, मला कळलं नाही. अजून नाही कळलं.

उन्हाळ्यात तो मायदेशी लेकीकडं गेला, कायमचा. सून म्हणाली, त्याचा हात थरथरायला लागला होता, पातं थांबेना. आता त्या हॉलात एक जर्मन बाई योगा शिकवते. मलाच सांगते, श्वास कसा घ्यायचा.

काल संध्याकाळी दिव्यातलं तेल संपत आलं. बाटली हाताशी होती. मी ओतलं नाही.

"बाबा, तेल?" पोरगा म्हणाला.

"बस खाली."

दोघं बसलो. ज्योत बारीक होत होत गेली. धूर वर गेला. यंत्र ओरडलं नाही. मी उठलो नि कमरेत वाकलो. तिच्यापुढं, दिव्यापुढं की त्या मास्तरपुढं, माझं मलाच कळंना. बराच वेळ तसाच राहिलो.

पोरगा म्हणाला, "बाबा, काही पडलं का?"