मोटारीला गोडं पाणी

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही नगर जिल्ह्यातल्या कर्जतला राहत होतो. लढाई चालू होती. यजमान पुण्याला नोकरीवर आणि मला आई नाही, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. चैत्र लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मूल पायाळू आहे. इथे जोखीम नको. दिवस भरायच्या आत नगरच्या दवाखान्यात न्या."

मामंजी वकील होते. त्यांनी एक जुनी मोटार घेतलेली होती. ड्रायव्हर पलटणीत भरती झाल्यापासून ती ते स्वतःच चालवत. पण मोटार तापायची. मागच्या खेपेला नगरला जाताना मिरजगावच्या अलीकडे तिच्या तोंडातून वाफ उसळली आणि मामंजी भर उन्हात छत्री धरून, ती निवायची वाट बघत बसले होते. आता त्याच रस्त्याने मला न्यायचं होतं.

मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत. काही सांगायचं तर सासूबाईंकडून. निघायच्या आदल्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. धोतराचा काचा मारून ते मोटारीखाली शिरले. रेडिएटरच्या तळाची तोटी सोडली आणि घमेल्यात विटकरीच्या रंगाचं पाणी पडू लागलं. मी ओट्यावर बसून बघत होते.

"आपल्या विहिरीच्या पाण्याने आत सगळा क्षाराचा थर धरलाय," ते सासूबाईंना म्हणाले. "धुण्याचा सोडा दे. आणि डाळ कोणत्या पाण्यात शिजवतेस?"

"मळ्यातल्या. घरच्या पाण्यात दाणा दाणा उभा राहतो."

"मग मोटारीलाही तेच आणू."

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. उन्हाळ्यात मळ्यातून पिण्यापुरतं पाणी यायचं, तेही जपून वापरायचं. "प्यायला ओढ आहे आणि मोटारीत गोडं पाणी ओतायचं?"

तोटी बंद करता करता मामंजी हळूच म्हणाले, "मोटारीसाठी नाही गं. पोरीसाठी."

सासूबाईंनी आत जाऊन सोडा विरघळायला पाणी तापत ठेवलं.

सोड्याचं पाणी भरून मामंजींनी इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. मग सावलीत मोटार पार निवू दिली. तापल्यावर झाकण काढलं तर वाफेनं हात भाजतो, म्हणून त्यांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. निवल्यावर पाणी सोडलं, ते गाळानं भरलेलं होतं. घरच्या विहिरीचं पाणी ओतायचं, पुन्हा सोडायचं, असं ते दुपारपर्यंत करत राहिले. शेवटी घमेल्याचा तळ दिसेल इतकं पाणी स्वच्छ आलं.

मळ्यातला वाटेकरी बैलगाडीतून पिंप घेऊन आला. "सायब, लई गोड पानी हाय. आजच उपसलंय," तो म्हणाला. पाणी गाळून घ्यायला मामंजींना मऊ कापड हवं होतं. मी माझं जुनं लुगडं फाडून पुढे केलं. त्यांनी एक टोक धरलं, दुसरं मी. सासूबाई तांब्यातांब्याने ओतत होत्या. पाणी भरून झालं तेव्हा मामंजींनी झाकण घट्ट बसवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळ, आता वाटेत थांबायची पाळी येणार नाही. तू काळजी करू नकोस."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडता निघालो. सासूबाईंनी मागे गोधड्या घालून मला निजवलं होतं. मिरजगाव मागे पडलं, ऊन चढलं. माझ्या कमरेत कळ आली तेव्हा मी दात आवळले, पण सासूबाईंनी ओळखलं. मामंजींनी गाडी लिंबाखाली घेतली. आधी मला पाणी पाजलं, मग मोटारीच्या तोंडाशी वाकून बघितलं. "वाफ नाही," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

नगरला पोचलो त्याच संध्याकाळी माझी मुलगी झाली. पायाकडून आली, पण धडधाकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला असता तर अवघड होतं. मामंजी बाहेर व्हरांड्यात बसून होते. सासूबाईंनी मुलगी दाखवायला नेली, तर हातात घ्यायला ते घाबरले. नुसतंच तिच्या मुठीला बोट लावून बघितलं.

परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवर मुलगी होती. मामंजी मोटार इतकी सावकाश हाकत होते की बाजाराला निघालेल्या बैलगाड्या आमच्या पुढे जात होत्या. एका गाडीवाल्याने मागे वळून विचारलं, "मोटार बिघडली काय, दादा?"

"बरी आहे," मामंजी म्हणाले. "नात झोपलीय."